मुक्या जिवाचे आजारपण : एक ऐतिहासिक मागोवा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहून द्यावे, अशी विश्वस्त मंडळाची सूचना आली. मी पेशाने कापड व्यापारी आणि शिक्षणाने वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतिहास हा माझा छंद आहे, अधिकार नव्हे. तरीही हा विषय निवडला, याचे कारण घरगुती आहे. २०२४च्या उन्हाळ्यात कसबा बावड्यातील आमच्या घरी मोती नावाचा तेरा वर्षांचा कुत्रा मूत्रपिंडाच्या विकाराने अंथरुणास खिळला आणि आजवर पुस्तकातून वाचलेला प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला.

आजारी प्राण्यांची सेवा ही आपल्या समाजाची जुनी परंपरा. पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी १६२३ मध्ये गुजरातेतील खंबायत येथे आला होता. तेथील पक्ष्यांच्या रुग्णालयाचे वर्णन त्याने केले आहे. पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध नाकावर चष्मा लावून, पेटीतील कापसात ठेवलेल्या उंदराच्या पोरक्या पिलांना पिसाने दूध पाजत असलेला त्याने पाहिला. परक्या माणसाला याचे नवल वाटले. मला मात्र त्या अनामिक वृद्धाविषयी जो आदर वाटतो, तो मोठमोठ्या देणगीदारांविषयीही वाटत नाही.

देणगीदारांचा इतिहासही लहान नाही. मुंबईत कंपनी सरकारने ठरावीक काळात बेवारशी कुत्री मारण्याचा नियम १८१३ पासून चालविला होता. १८३२ साली ही मुदत वाढविण्यात आली. दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस असल्याने मारेकरी पाळीव कुत्र्यांवरही हात टाकू लागले. ६ जून रोजी जमावाने दोन शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी पारशी, हिंदू, जैन व मुसलमान व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली आणि फौजेकडे जाणारी रसद अडविली. मुक्या प्राण्यासाठी सर्व धर्मांच्या बाजारपेठेने पाळलेला तो बंद होता.

त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, शेठ मोतीचंद अमीचंद ऊर्फ मोतीशा आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात पांजरापोळ उभे राहिले. जमशेटजी पुढे ‘सर’ झाले. एक जैन, एक पारशी आणि दोघे व्यापारातील भागीदार. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वखुशीने लागा बसवून घेतला. व्यापारी म्हणून मला ही युक्ती फार आवडते, कारण देणगी आटते पण लागा चालू राहतो. या धनाचा मोठा भाग चीनकडील अफूच्या व्यापारातून आला होता, हेही नमूद केले पाहिजे. इतिहास लिहावयाचा तर सोयीचा तेवढाच लिहून चालत नाही.

परंतु जीव मरणापासून वाचविणे आणि बरा न होणारा जीव शेवटपर्यंत सांभाळणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हा भेद गांधीजींनी आपल्या समाजापुढे उघडा केला. १९२६ साली अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या परिसरातील सुमारे साठ कुत्री पिसाळण्याच्या भयाने मारविली. अंबालाल स्वतः जैन कुळातील. गांधीजींनी त्यांची बाजू घेतली. १९२८ मध्ये साबरमती आश्रमातील एक वासरू असाध्य वेदनांनी तळमळत होते. गांधीजींनी डॉक्टरांकडून इंजेक्शन देववून त्याचा प्राण घालविला आणि ते ‘यंग इंडिया’त जाहीरपणे लिहिले. त्यांच्याकडे संतप्त पत्रांचा पाऊस पडला, त्यांत जैनांचीही पत्रे होती. ज्या हिंसेत मारणाऱ्याचा स्वार्थ नसून मरणाऱ्याचे दुःख दूर करणे हाच हेतू असतो ती अहिंसाच होय, असे गांधीजींचे म्हणणे. आपल्याकडील उत्तर असे की, सल्लेखना घेणारा ती स्वतः समजून घेतो. मुक्या जिवाची संमती कोणी घ्यावी? मी दोन्ही बाजू पुनःपुन्हा वाचल्या. कोणतीही मला पोकळ वाटली नाही. नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीच्या प्रकृतीवरून व देखभालीवरून २०२५ साली आपल्या जिल्ह्यात जे घडले ते वाचकांना स्मरत असेलच. मुक्या जिवासाठी कोणी ठरवावे, हा वाद संपलेला नाही.

आता मोतीविषयी. एप्रिलमध्ये सौभाग्यवतीने मला दोनदा सांगितले, “हा फार पाणी पितोय हो.” लगीनसराई होती, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. उन्हाळा आहे, पिणारच, असे मी म्हणालो. वयस्क कुत्र्याचे पाणी पिणे आणि लघवी वाढणे हे मूत्रपिंडे थकल्याचे लक्षण असते व तेव्हाच रक्त तपासून घ्यावे, हे मला नंतर समजले. त्याने खाणे सोडले तेव्हा डॉक्टरांकडे नेले. कातडीखाली सलाईन, उलटीची औषधे, मऊ भात असे उपचार सुरू झाले. मी त्याला सुईविना सिरिंजने पाणी पाजू लागलो. कटपीसच्या घड्या करून अंथरूण केले, ते दिवसातून चार वेळा बदलावे लागे.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी हळूच विचारले, “कायमचे झोपवायचे का?” चिरंजीव म्हणाले, “बाबा, सोडवा त्याला. तुम्ही दुकानात असता, मी दिवसभर बघतोय.” मातोश्री म्हणाल्या, “त्याचे भोग त्याला भोगू दे. आपण फक्त जवळ बसायचे.” चिरंजीवांचे बोलणे मला लागले, कारण ते खरे होते. २०१८ साली लंडनच्या राजवाड्यातील सन्मानसमारंभास रतन टाटा कुत्रा आजारी म्हणून गेले नाहीत, असे त्यांचे स्नेही सुहेल सेठ यांनी सांगितले आहे. मला तर केवळ दुकानाचे शटर ओढावयाचे होते. दुसऱ्या दिवसापासून दुपारनंतरचे दुकान पुतण्याकडे सोपविले.

इंजेक्शन दिले नाही. त्यानंतर मोती नऊ दिवस जगला. सात दिवस शांत होता. शेवटच्या दोन रात्री कण्हत होता. त्या दोन रात्री गांधीजींचे म्हणणे मला अधिक पटत होते, हे लपवीत नाही. आजही मातोश्री आणि चिरंजीव यांपैकी कोणाचे बरोबर, हे मी सांगू शकत नाही.

वादीभसिंह आचार्यांच्या ‘क्षत्रचूडामणि’ ग्रंथातील जीवंधरकुमाराची कथा आपणांस ठाऊक आहे. मारहाणीने मरणोन्मुख झालेल्या कुत्र्याच्या कानात कुमाराने णमोकार मंत्र म्हटला आणि तो कुत्रा मरून यक्षदेव झाला. लहानपणी पाठशाळेत ही कथा ऐकताना माझे सारे लक्ष यक्षाकडे असे. कुमार त्या कुत्र्यास बरे करू शकला नव्हता, हे तेव्हा ध्यानात आले नव्हते.

दहाव्या दिवशी पहाटे साडेचारच्या सुमारास मातोश्रींनी मला उठविले. मोतीचा श्वास लांब पडू लागला होता. मी खाली बसून त्याचे डोके मांडीवर घेतले आणि कानाशी णमोकार म्हणू लागलो. तिसऱ्या वेळी त्याने कान किंचित हलविला. पुढे किती वेळा म्हटला, ते मोजले नाही.