मुल्ला, महेंद्रनाथ

(१५ मे १९२६ – ९ डिसेंबर १९७१). भारतीय नौदलातील कॅप्टन, १९७१ च्या युद्धात बुडालेल्या ‘आयएनएस खुकरी’ या युद्धनौकेचे कमांडिंग ऑफिसर आणि मरणोत्तर महावीर चक्राचे मानकरी. जन्म उत्तर प्रदेशातील गोरखपूर येथे, काश्मिरी पंडित कुटुंबात. घराण्यात वकिलीची परंपरा होती. ते समुद्राकडे वळले, तरी कायद्याची जाण त्यांच्यात पुरेपूर उतरली होती. कोर्ट मार्शलच्या खटल्यांत आरोपीचा बचाव करणारा अधिकारी म्हणून नौदलात त्यांचा लौकिक होता. हाताखालच्या माणसाची बाजू घेऊन उभे राहण्याची ही वृत्ती त्यांच्या चरित्रात शेवटपर्यंत दिसते.

जानेवारी १९४६ मध्ये ते कॅडेट म्हणून तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीत दाखल झाले आणि १ मे १९४८ रोजी त्यांना कमिशन मिळाले. सुरुंग काढणाऱ्या नौकेवरील सेवा, नौदलाच्या निवड मंडळाचे काम, लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयात उपनौदल सल्लागाराचे पद, ‘आयएनएस कृष्णा’चे नेतृत्व आणि मुंबईतील ‘आयएनएस आंग्रे’ या तळावरील जबाबदारी असा त्यांचा पुढचा प्रवास झाला. फेब्रुवारी १९७१ मध्ये ‘खुकरी’ त्यांच्या हाती आली. पत्नी सुधा आणि दोन मुली असा त्यांचा संसार होता. नौदलातल्या घरांना वडील समुद्रावर असण्याची सवय असते. घराची घडी आईने बसवायची आणि जहाज बंदराला लागले की घर भरायचे, असे हे आयुष्य.

‘खुकरी’ ही ब्रिटनमध्ये बांधलेली, ब्लॅकवुड वर्गातील पाणबुडीविरोधी फ्रिगेट १९५८ मध्ये नौदलात सामील झाली. तिच्याच वर्गातील ‘कृपाण’ व ‘कुठार’ यांच्यासह ती १४ व्या स्क्वाड्रनमध्ये होती. डिसेंबर १९७१ च्या पहिल्या आठवड्यात नौदलाने कराचीवर क्षेपणास्त्र नौकांचा यशस्वी हल्ला केला. त्याच सुमारास काठेवाड किनाऱ्याजवळ पाकिस्तानची पाणबुडी वावरत असल्याचा सुगावा लागला. तिला हुडकण्यासाठी ८ डिसेंबरला ‘खुकरी’ व ‘कृपाण’ मुंबईहून निघाल्या.

ती पाणबुडी ‘हंगोर’ होती, फ्रान्समध्ये बांधलेली, डाफ्ने वर्गातील. भारतीय फ्रिगेटवरील सोनारचा पल्ला तोकडा होता आणि पाणबुडीला या नौकांची चाहूल त्याहून बऱ्याच अधिक अंतरावरून लागत होती. ‘खुकरी’वर सोनारची क्षमता वाढवण्याचा एक प्रयोग चालू होता. त्यासाठी नौकेचा वेग कमी ठेवलेला होता आणि पाणबुडीचा नेम चुकवणारी नागमोडी चालही सोडलेली होती. या निर्णयावर नौदलाच्या इतिहासकारांनी टीका केली आहे आणि ती रास्त आहे. मुल्लांचे शौर्य सांगताना हा भाग गाळू नये. अपुऱ्या साधनांनिशी धाडलेल्या माणसांनी कोणती जोखीम पत्करली, हे त्यातूनच कळते.

९ डिसेंबरच्या रात्री, दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर, ‘हंगोर’ने पहिला पाणतीर ‘कृपाण’वर सोडला, तो फुकट गेला. दुसरा ‘खुकरी’ला लागला. तेव्हा रात्रीचे नऊ वाजायला थोडा अवधी होता. स्फोटासरशी दिवे गेले, नौका एका अंगाला कलली आणि काही मिनिटांतच बुडाली. खालच्या मजल्यांवर शेकडो माणसे होती. अंधार, तिरके झालेले जिने आणि आत घुसणारे पाणी यांतून वर येणे बहुतेकांना जमले नाही.

मुल्लांनी नौका सोडण्याचा हुकूम दिला. ब्रिजवर जवळ असलेल्या अधिकाऱ्यांना त्यांनी अक्षरशः ढकलून समुद्रात उतरवले. स्वतःचे लाइफ जॅकेट त्यांनी एका खलाशाला दिले. जितक्यांना बाहेर काढता येईल तितक्यांना काढल्यावर, आणखी काय करता येईल हे पाहण्यासाठी ते पुन्हा ब्रिजवर गेले, असे महावीर चक्राच्या मानपत्रात नोंदवले आहे. पाण्यात तरंगणाऱ्यांनी त्यांना शेवटचे पाहिले ते तिथेच, कठडा धरून असलेले. बचावलेल्यांना दुसऱ्या दिवशी ‘आयएनएस कच्छल’ने उचलले. ६७ जण वाचले. १८ अधिकारी व १७६ खलाशी परतले नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवल्याची ही पहिली घटना होय. ‘हंगोर’ कराचीला सुखरूप पोहोचली आणि आज ती तेथील सागरी संग्रहालयात ठेवलेली आहे.

कप्तानाने बुडत्या जहाजासोबत जायचे असते, या जुन्या संकेताशी मुल्लांचे नाव नेहमी जोडले जाते. वरची हकिगत मात्र वेगळे सांगते. भारतीय नौदलात असा नियम नाही, आणि त्या काही मिनिटांत ते जी धडपड करत होते ती माणसे वाचवण्याची होती. त्यांची कितीतरी माणसे अजून जहाजाच्या पोटात होती आणि ती आत असताना स्वतः बाहेर पडणे त्यांना पटण्यासारखे नव्हते. कोर्ट मार्शलमध्ये खलाशाचा कैवार घेणाऱ्या अधिकाऱ्याने आणखी काय करावे, असे या नोंदकाराला वाटते. त्यांच्या जाण्याने एका घरातला बाप गेला. त्याच रात्री आणखी १९३ घरांवर आघात झाला. मुंबईच्या नौदल वसाहतींतील कित्येक बायका-मुलांना पुढचे दिवस नुसत्या यादीतल्या नावांची वाट पाहत काढावे लागले.

सुधा मुल्ला यांनी मुलींना वाढवले. त्यांच्या कन्या अमिता मुल्ला वट्टल दिल्लीच्या स्प्रिंगडेल्स शाळेच्या प्राचार्य आणि शिक्षणतज्ज्ञ म्हणून प्रसिद्ध झाल्या. २३ ऑगस्ट १९८९ रोजी माझगाव डॉकमध्ये बांधलेली नवी ‘खुकरी’, क्षेपणास्त्र कॉर्व्हेट, नौदलात दाखल झाली तेव्हा संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत यांच्या जोडीला सुधा मुल्ला होत्या. पतीला ज्या नावाने हिरावून नेले त्याच नावाच्या नौकेला त्यांनी सागरावर पाठवले. नौदलाच्या इतिहासात इतका हृद्य समारंभ क्वचितच झाला असेल.

टपाल खात्याने २००० साली शौर्यपदक विजेत्यांच्या मालिकेत मुल्लांचे तिकीट काढले. मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी वाचलेल्या नौसैनिकांच्या आठवणी पुस्तकरूपाने संकलित केल्या आहेत. ‘खुकरी’च्या हकिगतीसाठी पहिल्यांदा वाचावे ते हेच. दीवच्या टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून, बुडालेल्या नौकेची काचेत ठेवलेली प्रतिकृती असलेले स्मारक आहे. दुसरी ‘खुकरी’ २३ डिसेंबर २०२१ रोजी विशाखापट्टणम येथे सेवानिवृत्त झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये संग्रहालयासाठी दीव प्रशासनाकडे सोपवण्यात आली. दीवला जाणाऱ्या मराठी प्रवाशांनी किल्ला आणि समुद्रकिनाऱ्यांबरोबर या दोन्ही ठिकाणांसाठी जरूर वेळ काढावा.