सजविलेल्या पानाचें भाषांतर

भाषांतर म्हटलें कीं एका बाजूस मूळ ग्रंथ व दुसऱ्या बाजूस कोरा कागद, असेंच चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु चित्रांनीं व चौकटींनीं सजविलेलें पानच संगणकावरून भाषांतरकाराच्या हातीं येऊं लागलें, तेव्हां निराळीच अडचण उत्पन्न झाली. मांडणी न बिघडवितां आंतील शब्द बाहेर काढावयाचे कसे, आणि परत बसवावयाचे कसे?

पान जुळविण्याची ही विद्या छापखान्यांतून मेजावर आली ती १९८५ सालीं. पॉल ब्रेनर्ड यांच्या आल्डस कंपनीनें त्या वर्षीं ‘पेजमेकर’ काढला. कंपनीस नांव दिलें होतें तें व्हेनिसच्या जुन्या मुद्रकाचें, आल्डस मॅन्युशियसचें. इकडे भाषांतराच्या क्षेत्रांत, १९६६ सालच्या अमेरिकन समितीच्या अहवालानें यंत्राकडून होणाऱ्या भाषांतराची आशा मावळविली होती. यंत्रानें माणसाची जागा न घेतां त्याच्या हाताखालीं राबावें, असें मार्टिन के यांनीं १९८० सालीं प्रतिपादिलें. स्टुटगार्ट येथें १९८४ सालीं निघालेल्या ट्राडोस कंपनीनें पुढें तसेंच साधन केलें. एकदां भाषांतरिलेलें वाक्य तें जपून ठेवी व पुन्हां तेंच आलें कीं जुनें भाषांतर पुढें करी.

या दोन विद्यांची गांठ पडली ती अशी. पेजमेकरांत सलग वाहणाऱ्या मजकुरास ‘स्टोरी’ म्हणत. ट्राडोसचा ‘स्टोरी कलेक्टर’ त्या गोळा करी व अक्षरांचा आकार, ठसा वगैरे खुणांत बांधून ठेवी. पुढें २००८ सालीं इनडिझाइनबरोबर आलेल्या ‘आयडीएमएल’ या प्रकारांत तर मजकूर एका कप्प्यांत व पानाची मांडणी दुसऱ्यांत, अशी वाटणीच झाली.

तरी माणसाची संवय आड येतेच. एका यंत्राच्या माहितीपुस्तकाचें भाषांतर मजकडे आलें होतें. जुळाऱ्यानें प्रत्येक ओळीच्या शेवटीं कळ दाबून वाक्यें तोडलेलीं! पूर्वार्ध एका खणांत, उत्तरार्ध दुसऱ्यांत. आपलें क्रियापद शेवटीं येतें. अर्ध्या इंग्रजी वाक्याचें मराठी करावें तरी कसें?

मराठीचें खरें दुखणें मात्र आणखी खोल होतें. पडद्यावर ‘क’ दिसे, पण आंत कोणतें तरी रोमन अक्षरच नोंदलेलें असे. आणि प्रत्येक कंपनीच्या टंकाची नोंद वेगळी. त्यामुळें डोळ्यांस शुद्ध मराठी दिसे तेथें यंत्राच्या स्मृतीस निरर्थक अक्षरांचा ढीग सांपडे. १९९१ सालीं युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तींत देवनागरी वर्णांस स्वतःचे क्रमांक मिळाले, पण पान जुळविणाऱ्या साधनांत ते रुळण्यास पुष्कळ वर्षें गेलीं.

मुलांसाठीं मीं लिहिलेल्या एका व्याकरणपुस्तिकेचें हिंदी करावें म्हणून गेल्या वर्षीं तिची जुनी फाईल उघडली. तिचा टंक आतां कोणाजवळच नाहीं. छापील प्रत समोर ठेवून रोज दोन पानें मी पुन्हां टंकलिखित करीत आहें; सध्यां समासप्रकरण चालूं आहे.