दोन एंजिनांचे हलके विमान : विद्यार्थ्याची गरज आणि मालकाची निवड

इ. स. 1951 मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमाहून एक लहान प्रवासी विमान वॉशिंग्टनपर्यंत गेले. विमानाला एंजिने दोन होती. परंतु निघण्यापूर्वी त्यांपैकी एकाचा प्रॉपेलर मुद्दाम काढून ठेवण्यात आला होता. 'एअरो कमांडर' या विमानाच्या निर्मात्यांना जे सिद्ध करावयाचे होते ते ग्राहकांच्या मनात तरी या उड्डाणाने सिद्ध झाले. एक एंजिन बंद पडले तरी दुसरे आपणांस सुखरूप पोचवील, या विश्वासावर पुढील दोन दशकांतील हलक्या द्वि-एंजिनी विमानांची बाजारपेठ उभी राहिली. याच विमानांवर नवे वैमानिक शिकू लागले, तेव्हा हा विश्वास कितपत खरा ठरला, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

महायुद्धापूर्वी हा प्रश्न मुळी खासगी नव्हताच. 1937 साली प्रथम उडालेले 'एअरस्पीड ऑक्सफर्ड' काय किंवा त्याआधीचे 'अॅव्हरो अॅन्सन' काय, त्यांची निवड सरकारने केली आणि ती लष्करी गरजांसाठी केली. विमानाचा मालक, त्याचा चालक व त्याचा शिक्षक यांच्या हितसंबंधांत तेथे विरोध उद्भवण्याचे कारण नव्हते. युद्धोत्तर अमेरिकेत मात्र स्वतःच विमान चालवून गावोगावी जाणारा व्यावसायिक हा नवा ग्राहक निर्माण झाला. रात्री, ढगांतून किंवा मोठ्या सरोवरावरून जाताना एका एंजिनावर विसंबण्यास त्याचे मन धजत नव्हते. पायपर कंपनीने 1948 मध्ये स्टिन्सन कंपनीचा विमानविभाग घेतला, त्याबरोबर एका द्वि-एंजिनी विमानाचा आराखडाही तिच्या हाती आला. त्याचा पहिला नमुना 1952 च्या मार्चमध्ये उडाला. पुढे त्याची दुहेरी शेपटी काढून टाकण्यात आली, एंजिने 150 अश्वशक्तीची झाली आणि 1954 मध्ये 'अपाची' या नावाने ते विक्रीस आले. त्याच वर्षी सेस्ना कंपनीचे '310' ग्राहकांच्या हाती पडू लागले. त्याची एंजिने 240 अश्वशक्तीची, वेग अधिक आणि अर्थातच किंमतही अधिक.

अपाची मंद होते, दिसावयास काहीसे बोजड होते. पण स्वभावाने गरीब. त्यामुळे मालकांनी ते विकून अधिक वेगवान विमाने घेतली, तेव्हा जुनी अपाची विमाने मोठ्या संख्येने उड्डाणशाळांत गेली. शिक्षणासाठी विमान निवडण्याची ही रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शाळा निवड करीत नव्हत्या. मालकांनी टाकलेले त्या उचलीत होत्या. वस्तुतः दोघांच्या कसोट्या भिन्न आहेत. मालकाला वेग, पल्ला आणि आसने हवी असतात. एंजिन बंद पडण्याचा प्रसंग त्याच्या हिशेबी क्वचितच येणारा. शाळेत तो प्रसंग रोज, आणि मुद्दाम आणावयाचा असतो.

येथे थोडे यंत्रशास्त्र सांगणे भाग आहे. दोनांपैकी एक एंजिन बंद पडले म्हणजे निम्मी शक्ती गेली, असे सामान्य माणसास वाटते. हिशेब तसा नाही. समजा, एकूण 300 अश्वशक्तीच्या विमानास विशिष्ट वेगाने केवळ समतल राहण्यासाठी 130 अश्वशक्ती लागते. दोन्ही एंजिने चालू असता वर चढण्यासाठी 170 उरतात. एक बंद पडल्यावर उरतात फक्त 20. निम्मी शक्ती गेली, पण चढण्याची क्षमता जवळजवळ नऊ-दशांश गेली. अमेरिकन नियमांतही 6,000 पौंडांपर्यंतच्या आणि स्टॉलचा वेग 61 नॉटच्या आत असलेल्या विमानास एका एंजिनावर चढता आलेच पाहिजे, अशी अट नव्हती. किती मालकांना हे ठाऊक असेल, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

दुसरी गोष्ट अधिक घातक. एकाच बाजूचे एंजिन ओढू लागले की विमानाचे नाक बंद एंजिनाकडे वळते. ते सुकाणूने आवरावयाचे, पण सुकाणूचे बळ हवेच्या वेगावर अवलंबून. वेग एका मर्यादेखाली गेला की सुकाणू पुरे पडत नाही आणि विमान उलटे होऊ लागते. या मर्यादेस किमान नियंत्रण-वेग म्हणतात व वेगमापकावर ती तांबड्या रेषेने दाखवितात. उंचीबरोबर साध्या एंजिनाची शक्ती घटते, म्हणून हा वेगही उतरतो. वेगमापकावरील स्टॉलचा आकडा मात्र जवळजवळ तोच राहतो. परिणामी पुरेशा उंचीवर दोन्ही वेग एकत्र येतात, आणि तेथे सराव केला तर नियंत्रण सुटण्याऐवजी स्टॉल आधी येतो. एका बाजूस शक्ती चालू असता स्टॉल आला की विमान गिरकीत जाते. खाली सराव करावा तर चूक सुधारण्यास उंची नाही. वर करावा तर जे दाखवावयाचे ते दिसत नाही, आणि भलतेच घडते. प्रशिक्षकापुढील हा पेच कोणत्याही एका विमानाचा दोष नव्हता.

तथापि त्याची किंमत प्रामुख्याने एका विमानाच्या खाती जमा झाली. 1963 मध्ये आलेले पायपरचे 'ट्विन कोमांची' 160 अश्वशक्तीच्या दोन एंजिनांचे, वेगवान आणि इंधनाच्या बाबतीत काटकसरी होते. मालकांना ते आवडले. स्वस्त म्हणून शाळांनीही ते घेतले. शाळांतून एका एंजिनाच्या सरावात प्राणघातक अपघात होऊ लागले. अखेर किमान नियंत्रण-वेगाचा जाहीर आकडा ताशी 80 मैलांवरून 90 वर नेण्यात आला आणि असा सराव अधिक उंचीवर करावा, हा आग्रह रूढ झाला. खरे एंजिन क्वचित बंद पडते. शिक्षणासाठी बंद केलेल्या एंजिनाने विद्यार्थी व शिक्षक दोघेही गेले, ही या इतिहासातील सर्वांत कटू बाब होय. 1970 मध्ये आलेल्या सुधारित नमुन्यात दोन्ही प्रॉपेलर परस्परविरुद्ध दिशांनी फिरू लागले, त्यामुळे डावे एंजिन जाणे उजव्यापेक्षा अधिक धोक्याचे राहिले नाही. परंतु 1972 च्या जूनमध्ये अॅग्नेस वादळाच्या पुरात पेनसिल्व्हेनियातील लॉक हेवनचा कारखाना बुडाला आणि या विमानाचे उत्पादन तेथेच संपले.

सेस्नाने निराळा मार्ग धरला होता. 'स्कायमास्टर'मध्ये एक एंजिन नाकाशी व दुसरे पाठीमागे बसविले, म्हणजे नाक वळण्याचा प्रश्नच मिटला. मालकाच्या दृष्टीने यापेक्षा समंजस रचना कोणती? पण दोन आपत्ती निघाल्या. मागचे एंजिन बंद पडल्याचे काही वैमानिकांच्या ध्यानातच येईना, कारण विमान कोठेच वळत नसे. दुसरे असे की, केवळ या विमानावर परीक्षा दिलेल्याच्या परवान्यावर अमेरिकेत मर्यादा घालण्यात आली. इतर द्वि-एंजिनी विमाने त्याला चालविता येत नसत. अडचण नाहीशी करणाऱ्या विमानावर अडचणीचे शिक्षण देता येत नाही, हे उघडच होते.

शाळा डोळ्यांपुढे ठेवूनच विमान रचण्याची कल्पना 1978 च्या सुमारास फळास आली. बीचचे 'डचेस' आणि पायपरचे 'सेमिनोल' ही दोन्ही 180 अश्वशक्तीच्या, परस्परविरुद्ध फिरणाऱ्या एंजिनांची, मंद व सौम्य विमाने. मालकांत त्यांचे फारसे कौतुक झाले नाही. डचेसचे उत्पादन थोड्याच वर्षांत थांबले. सेमिनोल शाळांच्या आधारावर टिकले.

यानंतरचा टप्पा ऑस्ट्रियाचा. डायमंड कंपनीच्या 'डीए-42' या विमानाने 2004 मध्ये डिझेल एंजिनांवर अटलांटिक ओलांडला. त्याचे इंधन सर्वत्र मिळणारे, आणि प्रत्येक एंजिनास दांडा एकच. बाकीचे काम संगणक करतो. 2007 साली जर्मनीत श्पायर येथे अशा एका विमानाची बॅटरी उतरलेली होती. बाहेरून वीज देऊन एंजिने सुरू केली, विमान उडाले, चाके वर घेतली, त्या क्षणी विजेचा दाब पडला आणि दोन्ही एंजिने एकदमच थांबली. एंजिने दोन असली तरी त्यांची नाडी एकच होती. पुढच्याच वर्षी एंजिनांचे जर्मन निर्माते थीलर्ट यांचे दिवाळे निघाले आणि सुटे भाग व हमी यांवाचून मालक व शाळा दोघांचीही कोंडी झाली. डायमंडने स्वतःच्या ऑस्ट्रो एंजिनास 2009 मध्ये मान्यता मिळविली, तेव्हा ती सुटू लागली.

महाराष्ट्रात गोंदियाजवळ बिरसी येथील राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेने हेच डीए-42 स्वीकारले. एक एंजिनाच्या 'डीए-40' वर तयार झालेला विद्यार्थी तेथे दोन एंजिनांकडे वळतो. सेमिनोलवर शिकणाऱ्यास एंजिन बंद पडताच प्रत्येकी तीन दांड्यांपैकी नेमका कोणता, कोणत्या क्रमाने ओढावयाचा, हे पाय सुकाणूवर रोवून ठरवावे लागते. डीए-42 वर बंद एंजिनाची कळ फिरविली की प्रॉपेलरची पाती आपोआप वाऱ्याशी समांतर होतात. चुकीची कळ फिरविण्याची शक्यता मात्र दोन्हीकडे सारखीच आहे.