सुरगाठ, निरगाठ आणि कड्यावरची गाठ

मराठीत गाठीला दोन जुने शब्द आहेत. एक टोक ओढलं की सुटते ती सुरगाठ, आणि सहजी सुटत नाही ती निरगाठ. ज्यांच्या दारात बैल आहे त्यांना हा फरक शिकवावा लागत नाही. खुंट्याला दावं बांधायचं ते सुरगाठीनं, कारण गोठ्याला आग लागली तर जनावर क्षणात मोकळं करता आलं पाहिजे. गळ्यातला फेरा मात्र सरकता चालत नाही. तो आवळला की जनावर गेलं! एकाच दाव्याच्या दोन टोकांना दोन वेगळ्या गाठी, आणि दोन्हींमागे विचार. आज आपण तोच विचार माणसाला लावून पाहू. जीव दोरावर असताना कोणती गाठ, आणि का?

उंबरमाळीत हा प्रश्न विचारायला कारण आहे. एकीकडे माहुली, तिचे वजीर, नवरा, नवरी, भटोबा हे सुळके. दुसरीकडे कसाऱ्याचा थळ घाट. सव्वानऊ मैलांच्या आसपास ९७२ फुटांचा चढ आणि १३ बोगदे असलेली ही घाटातली रेल्वे १८६५ साली सुरू झाली. त्याच्या दोन वर्षं आधी बोर घाट पुरा झाला होता. तिथले कडे इतके उभे, की सुरुवातीला मजुरांना वरून दोरानं खाली सोडावं लागे. लोंबकळत ते खडकात पहिली जागा करून घेत. तेव्हाचे दोर वनस्पतीच्या तंतूंचे असत. पाण्यानं कुजणारे, धारेवर घासले की उसवणारे.

आता योगायोग बघा. थळ घाट सुरू झाला त्याच वर्षी, १४ जुलै १८६५ रोजी, आल्प्समधलं मॅटरहॉर्न शिखर पहिल्यांदा सर झालं. एडवर्ड व्हिंपर आणि त्याचे साथीदार मिळून सातजण दोरानं एकमेकांना बांधलेले होते. उतरताना एकाचा पाय घसरला, दोर तुटला, आणि चौघे गेले. नंतर पाहिलं तर त्यांच्याकडे तीन प्रकारचे दोर होते, आणि ज्या जागी दोर तुटला तिथे त्यातला सगळ्यात कमजोर बांधला गेला होता. भक्कम दोर शिल्लक होता. म्हणजे काय, तर गाठ सुटली नव्हती, निवड चुकली होती. गाठीचा विचार दोरापासून सुरू होतो, तो असा.

दोर बदलला की गाठही बदलते. नायलॉन १९३५ साली तयार झालं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर गिर्यारोहकांच्या हाती आलं. १९५३ साली एडेलरिड या जर्मन कंपनीनं आत गाभा आणि बाहेर विणलेलं वेष्टन असा दोर आणला. १९५४ साली दार्जिलिंगला गिर्यारोहण संस्था सुरू झाली आणि मुंबईत गिरिविहार. आपल्याकडचं संघटित प्रस्तरारोहण वाढलं ते या नव्या दोराच्या काळात.

जुनी पद्धत होती बोलाइन गाठ थेट कमरेला बांधायची. ही खलाशांची गाठ. तिचा फेरा सरकत नाही, आणि झटका बसल्यावरही ती सोडवता येते. पण नायलॉन गुळगुळीत. दोरावर भार नसताना बोलाइन हलून हलून सैल पडू शकते. म्हणून कमरेचा दोर जाऊन हार्नेस आल्यावर आठच्या आकड्याची दुहेरी गाठ रुळली. ती जोराच्या झटक्यानंतर इतकी आवळते की सोडवताना बोटं दुखतात. म्हणजे सुरगाठीची सोय सोडून निरगाठीची खात्री घेतली. शिवाय तिचा मोठा गुण असा, की समोरचा माणूस ती एका नजरेत तपासू शकतो. दोन-दोन पदर शेजारी शेजारी, कुठे एकमेकांवर चढलेले नाहीत, चारही टोकं ओढून घट्ट केलेली, आणि शेपूट किमान वीतभर. बस्स.

आणि दोन्ही गुण एकत्र हवे असतील तर? १९३१ साली कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकानं बारीक दोरीची एक गाठ प्रसिद्ध केली. मुख्य दोरावर तिचे वेढे घालायचे. भार पडला की धरते, भार काढला की सरकते. मात्र दोर ओला किंवा चिखलाचा असेल तर तिच्यावर आंधळा विश्वास नको, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर दोर ओलाच असतो.

एक इशारा. रॅपलिंगसाठी दोन दोर जोडताना दोन्ही टोकं एकत्र धरून साधी गाठ मारतात, आणि शेपटं फूटभर ठेवतात. तिथे कुणी ‘अधिक भक्कम’ म्हणून टोकं तशीच धरून आठची गाठ मारली, तर ती भाराखाली उलटत उलटत टोकावरून निसटू शकते. यानं माणसं गेली आहेत. हार्नेसला उत्तम असलेली गाठ इथे घातक ठरते. आणि दोराच्या खालच्या टोकांना गाठ हवीच, नाहीतर उतरणारा टोक संपून थेट खाली.

शेवटचं उदाहरण १९८९ सालचं, फ्रान्समधल्या बुओ इथलं. लिन हिल ही तेव्हाच्या जगातल्या अव्वल आरोहकांपैकी एक. तिनं दोर हार्नेसमधून ओवला आणि गाठ पुरी करायची राहिली. वर पोचून दोरावर भार टाकला, आणि ती सुमारे ७० फूट खाली आली. झाडाच्या फांद्यांनी वाचवलं. तिला गाठ येत नव्हती असं कोण म्हणेल?

तत्त्वज्ञानात आपण ज्ञान आणि खात्री यांत फरक करतो. हजारदा मारलेली गाठ हे ज्ञान झालं. आत्ता, या क्षणी, माझ्या कमरेला ती पुरी आहे का, ही खात्री. ती ज्ञानातून आपोआप येत नाही, दर वेळी नव्यानं मिळवावी लागते, आणि दुसऱ्याच्या डोळ्यांनी मिळवलेली अधिक बरी. म्हणून माहुलीच्या पायथ्याशी नव्या पोरानं अनुभवी माणसाला ‘दादा, तुमची गाठ दाखवा’ म्हटलं, तर तो उद्धटपणा समजू नये. दादानं थांबून दाखवावी, आणि मग त्याची पाहावी.