कप्तान मुल्ला आणि ‘खुकरी’



भोपाळच्या आपल्या तलावाला आपण कौतुकाने सागर म्हणत असलो, तरी खरा समुद्र येथून दूर आहे. मग नौदलाच्या एका अधिकाऱ्याचे चरित्र मी का निवडले? १९७१ च्या डिसेंबरात मी महाविद्यालयात शिकत होतो. खिडक्यांना काळे कागद लावून आम्ही रेडिओभोवती बसत असू. कराचीवरील विजयाच्या वार्तांमागोमाग ‘खुकरी’ बुडाल्याची वार्ता आली आणि घरात कोणी बोलेना. ते मौन माझ्या स्मरणातून गेलेले नाही.

महेंद्रनाथ मुल्ला यांचा जन्म १९२६ साली गोरखपूर येथे, कायदेपंडितांच्या घराण्यात झाला. १९४६ च्या आरंभी ते कॅडेट म्हणून नौदलात दाखल झाले आणि १९४८ मध्ये अधिकारी झाले. १९७१ च्या युद्धात ते चौदाव्या फ्रिगेट पथकाचे प्रमुख आणि ‘खुकरी’चे कप्तान होते. शत्रूची पाणबुडी दीवजवळच्या समुद्रात असल्याचा सुगावा लागताच ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ या युद्धनौका मुंबईहून तिच्या शोधार्थ निघाल्या.

येथे इतिहासकाराने थांबावे. ती पाणबुडी, ‘हंगोर’, फ्रेंच बनावटीची व अद्ययावत होती. आपल्या नौकांवरील सोनारचा पल्ला तिच्या मानाने तोकडा. त्यातच ‘खुकरी’वर सोनारमधील एका सुधारणेची चाचणी चालू होती आणि ती साधावी म्हणून वेग कमी ठेवलेला होता. अशा मंद नौकेवर नेम धरणे सोपे जाते. ९ डिसेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास पाणतीर लागला आणि अवघ्या काही मिनिटांत नौका बुडाली. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. दुसऱ्या दिवशी ‘कच्छल’ने ६७ जणांना पाण्यातून वर काढले.

वेगाचा तो निर्णय योग्य होता का, यावर पुढे बराच खल झाला. तो व्हायलाच हवा. वीराच्या निर्णयाची चिकित्सा केल्याने त्याचा अवमान होत नाही, असे माझे मत आहे.

मुल्लांविषयी आपण जे जाणतो, ते बव्हंशी वाचलेल्यांच्या तोंडून. त्यांनी आपले जीवरक्षक जाकीट एका नौसैनिकाला दिले, इतरांना पाण्यात ढकलले आणि स्वतः मात्र नौका सोडली नाही. बखरींचा अभ्यास करण्यात आयुष्य गेल्याने अशा कथांकडे मी साशंकतेनेच पाहतो. रणात पडलेल्या पुरुषाभोवती रंग चढतातच. परंतु बखरकार बहुधा प्रसंगानंतर पिढ्या-दोन पिढ्यांनी लिहितो, आणि येथे सांगणारे त्याच रात्री त्याच पाण्यात होते. म्हणून ही साक्ष मी मानतो.

त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. दीवच्या किनाऱ्यावर ‘खुकरी’चे स्मारक आहे, तेथे काचेच्या आवरणात नौकेची प्रतिकृती समुद्राकडे तोंड करून ठेवलेली आहे. आपल्या शाळेची सहल कधी सोमनाथला निघालीच, तर वाट थोडी वाकडी करून मुलांना तेथे अवश्य न्यावे.