पत्रा कापल्यानंतरचे काम : सुटे भाग वेगळे करण्याची रीत आणि दक्षता

विजेच्या मीटरची पेटी, लोखंडी कपाट, गॅसची शेगडी, मोटारीचा दरवाजा, जहाजाचा सांगाडा या सर्व वस्तूंचा आरंभ सपाट पत्र्यापासून होतो. पत्रा कापणाऱ्या यंत्राविषयी बरेच बोलले जाते. मात्र कापलेला भाग उरलेल्या पत्र्यातून सोडवणे, त्याची धार घासणे, तो ओळखून मोजणे आणि पुढच्या कामाकडे सुखरूप पोहोचवणे हे टप्पे दुर्लक्षित राहतात. मालाचा दर्जा या टप्प्यांत टिकतो किंवा बिघडतो आणि कामगाराच्या हातांना सर्वाधिक धोकाही येथेच असतो.

कापण्याच्या पद्धती

सरळ कापासाठी शिअरिंग यंत्र वापरतात. एकाच आकाराचे हजारो भाग हवे असल्यास पंच व डाय बसवलेला प्रेस परवडतो. आकार वारंवार बदलत असतील तर लेझर किंवा प्लाझ्मा सोयीचा ठरतो. उष्णता चालत नसेल तेथे अतिदाबाच्या पाण्याच्या धारेने कापतात.

यांपैकी लेझरच्या इतिहासाला महाराष्ट्राचा धागा आहे. पहिला लेझर १९६० साली अमेरिकेत प्रकाशमान झाला. पुढे १९६४ मध्ये तेथील बेल प्रयोगशाळेत सी. कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर शोधून काढला. पटेल यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे पदवी शिक्षण पुण्याचे. १९६७ साली इंग्लंडमध्ये पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी लेझरच्या जोडीला ऑक्सिजनचा झोत देऊन पोलादी पत्रा कापून दाखवला. त्यानंतर अनेक दशके कारखान्यांतील लेझर कटिंगची भिस्त पटेल यांच्याच लेझरवर होती. अलीकडे त्याची जागा मोठ्या प्रमाणावर फायबर लेझरने घेतली आहे.

सांगाडा आणि मायक्रो-जॉइंट

एका पत्र्यात अधिकाधिक भाग बसावेत म्हणून त्यांची मांडणी संगणकावर करतात. तिला नेस्टिंग म्हणतात. भाग निघून गेल्यावर जाळीसारखा जो पत्रा उरतो तो सांगाडा. मांडणी फार दाट केली तर सामग्री वाचते, परंतु सांगाडा दुबळा होऊन वाकतो आणि भाग सोडवणे अवघड जाते. म्हणून दोन भागांमध्ये पत्र्याच्या जाडीनुसार अंतर राखावे लागते.

लेझर यंत्राच्या टेबलावर दातेरी पट्ट्या उभ्या बसवलेल्या असतात व पत्रा त्यांवर टेकतो. लहान भाग पूर्ण सुटला की दोन पट्ट्यांच्या मधे कलंडतो आणि त्याचे एक टोक वर येते. वेगाने फिरणारे कटिंग हेड त्यावर आदळल्यास मोठे नुकसान होते. हे टाळण्यासाठी कापाच्या रेषेत एक-दोन ठिकाणी अगदी अरुंद, बहुधा एक मिलिमीटरहून कमी रुंदीचा दुवा न कापता ठेवतात. हाच मायक्रो-जॉइंट. पूर्ण पत्रा यंत्राबाहेर आल्यावर भाग हलकेच वळवून किंवा रबरी हातोडीने ठोकून सोडवतात. दुवा फार रुंद असल्यास भाग वाकतो आणि फार अरुंद असल्यास वाटेतच सुटून पडतो. जेथे तो तुटतो तेथे छोटा उंचवटा राहतो, म्हणून दुसऱ्या भागाशी जुळणाऱ्या किंवा दर्शनी कडेवर तो ठेवू नये.

सांगाडा अखंड उचलणे धोक्याचे असते. तो लवचिक असतो, त्याला सर्व बाजूंनी टोके असतात आणि अडकलेला कोपरा सुटताच तो उसळतो. म्हणून अनेक ठिकाणी यंत्राकडूनच त्याचे तुकडे पाडून घेतात. ते भंगाराच्या पेटीत टाकणेही मग सोपे जाते.

बर आणि ओळख

कापलेल्या कडेला राहणारी धारदार कंगोरी म्हणजे बर. प्रेसच्या कामात बर अचानक वाढली तर पंच बोथट झाला आहे किंवा पंच व डाय यांमधील फट बिघडली आहे, असे अनुभवी कारागीर ओळखतो. बर कानशीने, ग्राइंडरने किंवा पट्टा-यंत्राने काढतात. ती तशीच राहिल्यास हात कापतो, रंग कडेवर धरत नाही आणि विजेच्या पेटीत वायरचे आवरण सोलले जाते.

स्टेनलेस स्टीलसाठी घासण्याची साधने वेगळी ठेवावीत. साध्या लोखंडावर वापरलेली चकती स्टेनलेसवर फिरवल्यास लोखंडाचे कण त्यात रुततात आणि पुढे तेथे गंज दिसू लागतो. गोव्यासारख्या खाऱ्या, दमट हवेच्या प्रदेशात हा दोष लवकर उघडा पडतो.

सारखे दिसणारे भाग एकत्र मिसळले की जोडणीच्या वेळी गोंधळ उडतो. त्यामुळे कापतानाच भागावर क्रमांक कोरण्याची पद्धत आहे. वास्कोच्या गोवा शिपयार्डसारख्या जहाजबांधणी उद्योगात नौकेच्या कामाचा आरंभ पोलादी प्लेट कापून करतात. एका नौकेत असे असंख्य तुकडे असल्याने क्रमांकाविना जोडणी शक्य नसते.

वजनाचे गणित

एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पोलादी पत्रा ७.८५ किलो भरतो. त्यानुसार २५०० बाय १२५० मिलिमीटर आकाराचा, ३ मिलिमीटर जाडीचा पत्रा सुमारे ७४ किलोचा, तर १० मिलिमीटर जाडीचा सुमारे २४५ किलोचा होतो. ॲल्युमिनियमचे वजन याच्या जवळपास एक तृतीयांश असते.

असे पत्रे व्हॅक्यूमच्या कपांनी उचलतात. १० सेंटिमीटर व्यासाच्या कपात ६० टक्के निर्वात साधला तर हवेचा दाब तत्त्वतः सुमारे ४८ किलो वजन तोलू शकतो. प्रत्यक्षात आडव्या पत्र्यासाठीही त्याच्या निम्म्याहून अधिक भार धरू नये. पत्रा तेलकट, धुळकट किंवा उभा असेल तर मर्यादा आणखी कमी होते. तेलामुळे दोन पत्रे एकमेकांना चिकटून वर येतात. पोलादी पत्रे सुटे करण्यासाठी ढिगाच्या कडेला चुंबक लावतात. ॲल्युमिनियमला चुंबक निरुपयोगी असल्याने हवेचा झोत वापरतात.

हाताची किंमत

खबरदारीचे नियम साधे आहेत. निसटणारा पत्रा झेलू नये, बाजूला व्हावे. कापविरोधी हातमोजे व अग्रबाहूंवर बाही घालावी. ड्रिलसारख्या फिरत्या यंत्रापाशी मात्र हातमोजे काढावेत, कारण ते गुंतून हात ओढला जातो. लेझरमधून नुकताच निघालेला भाग तापलेला असतो. प्रेसमध्ये अडकलेला तुकडा बोटांनी काढू नये. आधी प्रेस बंद करावा व चिमट्याचा किंवा आकड्याचा उपयोग करावा. दोन्ही हातांनी बटणे दाबल्याशिवाय न चालणारा प्रेस हाच विचार यंत्रात उतरवतो. उत्पादन वाढवण्यासाठी एक बटण कायमचे दाबून ठेवण्याची युक्ती म्हणजे त्या संरक्षणाचा बळी देणे होय.

१९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम २१ ने यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम संरक्षक कुंपण घालणे आणि यंत्र चालू असताना ते जागेवर ठेवणे बंधनकारक केले. कलम ३४ अतिभार उचलण्याविषयी, तर कलम ३५ डोळ्यांच्या रक्षणाविषयी होते. तेरा कायदे एकत्र करणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत या अधिनियमाचा समावेश करण्यात आला. कायदा बदलला तरी जबाबदारी तीच राहते. बिघडलेला पत्रा भंगारात विकून नवा आणता येतो. तुटलेल्या बोटाची भरपाई कोणत्याही रकमेने पूर्ण होत नाही. म्हणून काम शिकणाऱ्या नवख्या उमेदवाराला यंत्र चालवण्याआधी भाग कसा सोडवावा, कोठे धरावा आणि केव्हा हात मागे घ्यावा हे शिकवणे आवश्यक आहे.