निरोप आणि जिन्नस

लोट्याहून परशुरामाचा घाट उतरून चिपळूणच्या बाजारी निघालेला माणूस पूर्वी एकट्याचं काम घेऊन जात नसे. शेजारणीचं मीठ, कुणाचं औषध, कुणाचं पत्र, सगळं त्याच्या माथी. १८८० साली टपालखात्यानं मनिऑर्डर सुरू केली. मुंबईच्या गिरणीतला चाकरमानी पैसे धाडू लागला. पण कुपनावर मजकुराला जागा ती केवढी! बैलाला पेंड आणली का, आईला वैद्याकडे नेलं का, हे गावी येणाऱ्याच्या तोंडीच यायचं. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली, पुढं हाती फोन आले. निरोप्याचं काम सरलं. पैशांची नोंद टपालात झाली, या बोलण्याची कुठंच नाही. गुरुजी, मुलांना म्हाताऱ्यांकडे धाडा. ती आहेत तोवरच हा इतिहास लिहून घेता येईल.